लोखंड मोडणारी गुन्वोर

क्वार्नहित्त्याच्या सहकारी दुकानात कुणालाही विचारा, गुन्वोर वेस्टिन करते तरी काय, तर उत्तर ठरलेलं: "ती व्हय? ती स्टॉकहोमात लोखंड मोडती. अन मोडल्याचा पगार घेती."

यापलीकडे गाव तिला चढू देत नसे. धातू कसे थकतात यावरचं तिचं पुस्तक जपानपासून ब्राझीलपर्यंत पोरं घोकत होती. तिला पदक मिळालं तेव्हा जिल्ह्याच्या पेपरात ती बातमी मूस हरणांच्या शिकारीच्या आकड्यांखाली आली, आणि गल्ल्यावरची बाई तिचं लोणी पिशवीत टाकता टाकता म्हणाली, "फोटू बघितला. कोट बरा हुता." क्वार्नहित्त्यात कुणाचं याहून जास्त कौतुक झाल्याचं ऐकिवात नाही. गुन्वोरला तेवढं पुरायचं. तीही त्याच मातीतली. पदक तिनं मोज्यांच्या खणात टाकून दिलं होतं.

तिचा बाप आल्गोत कारखान्याच्या लोहारशाळेत मोठ्या घणावर होता. खांदे दाराएवढे, आणि बोलणं दिवसाला वीस शब्द, त्यातले दहा कॉफीबद्दल. पोलादाचा नवा माल आला की तो एक सळई घ्यायचा, छिन्नीनं खाच पाडायचा आणि ऐरणीच्या काठावर धरून एकच घाव घालायचा. सळई काटकन तुटली की तुटलेलं तोंड खिडकीच्या उजेडात फिरवून बघायचा आणि सांगायचा, माल ठेवा, नाहीतर परत पाठवा. कारखान्याच्या प्रयोगशाळेचा कागद दोन दिवसांनी यायचा. त्यातही तेच असायचं.

असले तुकडे तो खिशात घालून घरी आणायचा. दुसऱ्या पोरींच्या खिडकीत बाहुल्या, हिच्या खिडकीत तुटकं लोखंड. चुलीवर बटाटे उकडत असताना बाप एखादा तुकडा तिच्या हातात द्यायचा.

"काय दिसतंय?"

"साखर. चमकतीय."

"म्हंजी येका झटक्यात तुटलंय. अन ह्ये?"

"शिंपला. गोल गोल रेघा हायत."

"ह्ये हळूहळू मेलंय. येक रेघ म्हंजी येक दुखनं."

पुढं पंचवीस वर्षं विद्यापीठात आपण एवढंच शिकवलं, असं गुन्वोर म्हणायची. मध्ये गणित तेवढं जास्त होतं.

एकोणिसाव्या वर्षी ती स्टॉकहोमला धातुशास्त्र शिकायला गेली. वर्गात चाळीस पोरं आणि ही एकटी. पहिल्याच दिवशी दारावरच्या म्हाताऱ्या मास्तरांनी तिला वाट दाखवली, "मिस, टायपिंगचा वर्ग वरच्या मजल्यावर."

"तिथल्या बाईंना सांगाल का, मला चार वर्षं उशीर होईल," गुन्वोर म्हणाली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली.

चाराची सात वर्षं झाली, सातांची डॉक्टरेट झाली. मधल्या काळात एका भूगोलाच्या शिक्षकाशी लग्न जवळजवळ ठरलं होतं. भला माणूस. त्याची एकच अट होती, जेवताना तरी गाड्यांच्या तुटलेल्या आसांबद्दल बोलायचं नाही. तिनं आठवडाभर नेटानं सांभाळलं. रविवारी हेरिंग वाढता वाढता तिच्या तोंडून निसटलं, "या माशाचा काटा बघ, कसा शिंपल्यासारखा तुटलाय." शिक्षकमहाशयांनी काटा-चमचा खाली ठेवला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि पोट धरून हसले, आणि तिथंच ते प्रकरण मिटलं. पुढं त्यानं एका दाताच्या डॉक्टरणीशी लग्न केलं. गुन्वोर त्यांच्याकडे नाताळला जायची.

सदतिसाव्या वर्षी ती प्रोफेसर झाली. देशात काहीही तुटलं की तिच्या प्रयोगशाळेत यायचं. रेल्वेचे आस, मासेमारी बोटींचे दांडे, स्कीची पट्टी, एकदा तर एका बिशपची दातांची कवळी. दारावर तिनं स्वतः रंगवलेली पाटी होती: जोडून बघू नका!

कारण माणसाचा स्वभाव. तुटलेली बशी असो की तुटलेला आस, दोन तुकडे हाती आले की माणूस ते एकमेकांना लावून बघतोच. पण तुटलेल्या तोंडावर धातूनं आपल्या मरणाची हकिगत लिहिलेली असते. केसाहून बारीक टेंगळं, केसाहून बारीक रेघा. दोन तोंडं घासली की ती हकिगत पुसली जाते, कायमची. नवा विद्यार्थी हे हमखास करायचा, आणि ज्यानं केलं त्यानं दुसऱ्या दिवशीच्या कॉफीला सगळ्यांसाठी केक आणायचा, असा दंडक होता. वर्षाला सात-आठ केक सहज व्हायचे. गुन्वोरनं एकदा रेडिओवर हे सांगितलं, तेव्हापासून अख्ख्या देशाला ही केकची गोष्ट ठाऊक झाली. प्रोफेसर बाईंनी स्वतः केक आणलाय असं मात्र कधी झालं नव्हतं.

ब्याऐंशी सालच्या मार्चमध्ये क्वार्नहित्त्याहून फोन आला. मायलिसचा. मायलिस म्हणजे तिची शाळेतली बाकसोबतीण, कारखान्यात क्रेन चालवायची.

"गुन्वोर, हूक तुटला."

"कुणाला लागलं का?"

"गुरुवार हुता गं. वाटान्याचं सूप अन पॅनकेक. समदी पाळी कँटीनला पळाल्याली. सळयांचा भारा खाली आला तो थेट कॉफीच्या खोपटावर. खोपाट चपाती झालं. सोमवार असता तर खोपटात बसल्याली धा मानसं गेली असती." मग आवाज उतरला. "इंजिनियर म्हनतोय, मी हिसका दिला. माझ्यामुळं तुटला."

"दिलास?"

"न्हाई. पन माझ्यावर कोन इस्वास ठेवनार? समदं गाव म्हनतंय, मायलिस क्रेन चालवत न्हाई, मोपेड चालवती."

ते खरं होतं, लोक म्हणायचे. कारखान्याचा निर्णय झाला होता: चौकशीत हिसका ठरला तर मायलिस खाली, फरशीवर, झाडू आणि सळया मोजण्याच्या कामाला. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. आठ तास उभं राहणं तिला जमणार नव्हतं, म्हणजे नोकरीच जाणार. आणि नोकरीपेक्षा ती वरची केबिन. तेवीस वर्षं तिनं तिथून खालच्या पुरुषांना ओरडून कामाला लावलं होतं.

गुन्वोर दुसऱ्या दिवशीची गाडी धरून आली. गाडीतून उतरली की तिची जीभ आपोआप गावची व्हायची.

कामगार भवनात टेबलाभोवती चौघं होती. मायलिस, संघटनेचा हिल्डिंग, कारखान्याचा इंजिनियर बर्गेनहेम वही-पेन घेऊन, आणि कॉफीचं भांडं घेऊन हिल्डिंगची बायको. टेबलावर दोन बोचकी. एक तुकडा मायलिसच्या निळ्या स्वेटरात गुंडाळलेला, दुसरा हिल्डिंगच्या लोकरीच्या लांब चड्डीत.

"रेडिओवर सांगितलं हुतंस नव्हं, तोंडाला तोंड लागू द्यायचं न्हाई," हिल्डिंग छाती काढून म्हणाला. "अजाबात लागू दिलं न्हाई. माझ्या पायांना थंडी वाजली, चालंल."

गुन्वोरनं दोन्ही बोचकी सोडली. हूक जुना, चांगल्या घणाखालचा. वाकणाच्या जरा वर, आतल्या अंगाला तुटलेला. आणि तिथं, तुटल्या काठावर, काहीतरी ठोकलेलं होतं. अक्षरांचे शेंडे वरच्या तुकड्यावर, पाय खालच्या तुकड्यावर. तिला शेंडे दिसले. ओळखीचे वाटले. असा थोडा उजवीकडे कललेला ठसा तिनं घरातल्या सुरीवर, आईच्या कात्रीवर, स्वतःच्या पहिल्या स्केट्सवर बघितला होता. तिनं एक तुकडा उजव्या हातात घेतला, एक डाव्या, आणि अक्षरं पुरी व्हावीत म्हणून दोन्ही तोंडं एकमेकांवर दाबली. नीट बसेनात म्हणून जरा फिरवलीसुद्धा.

करकर आवाज झाला. अक्षरं पुरी झाली. A आणि W, आल्गोत वेस्टिनची आद्याक्षरं.

कॉफीचं भांडं हवेतच थांबलं.

"भवाने," मायलिस शेवटी म्हणाली, "आता केक कोन आननार?"

हिल्डिंगला हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात लपवलं. बर्गेनहेम हसला नाही. त्यानं घड्याळ बघून वहीत लिहायला घेतलं. "तीन वाजून दहा मिनिटं. प्रोफेसर वेस्टिन यांनी चुकून..."

"'चुकून' खोडा," गुन्वोर म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज वर्गातला होता. "मी दोन्ही तोंडं एकमेकांवर दाबली, एवढं लिहा. चुकून की मुद्दाम, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

बर्गेनहेमनं खोडलं.

मग तिनं भिंग काढलं. काठाला शिंपल्याच्या रेघा होत्या, पुसट. त्या कुठून सुरू झाल्या ते मात्र गेलं होतं. बरोबर अक्षरांपाशी ताजा घासल्याचा चकचकीत डाग.

"रेघा आहेत," ती म्हणाली.

"घासल्याच्या असतील," बर्गेनहेम शांतपणे म्हणाला. "आणि प्रोफेसर, वाईट वाटून घेऊ नका, पण हूक तुमच्या वडिलांनी बनवलेला दिसतो."

बाहेर पायऱ्यांवर मायलिसनं तिला गाठलं. बर्फ वितळून पागोळ्या गळत होत्या.

"खरं सांग. बाचा शिक्का दिसला म्हनून पुसलंस?"

"काय बोलतीस मायलिस?"

"मी न्हाई बोलत, उद्या गाव बोलंल. आनि गावाचं सोड. मी खाली झाडू मारायला गेले, तर माझ्या डोक्यात बी ह्येच येनार. म्हनून आत्ताच इचारते."

गुन्वोर कठड्याला टेकली. "न्हाई गं. बाचं नाव दिसलं, अन मी आठ वर्सांची झाले. एवढंच झालं."

मायलिसनं खिशातून तपकिरीची डबी काढून चिमूट ओठाखाली दाबली. "लई महागात पडलीस बघ. आता?"

"ह्ये तोंड गेलं. पन बाबांनी येकच हूक केला नसंल."

आल्गोत अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता आणि चर्चमागच्या दोन खोल्यांत एकटा राहायचा. लेक आली म्हणून त्यानं कॉफीत चिमूटभर मीठ टाकून ती तीनदा उकळली.

"बाबा, क्रेनचे हूक तुम्ही किती केलं हुतं?"

"शेहेचाळीसच्या थंडीत. आठ." त्याचे डोळे चमकले. "येक बी परत आला न्हाई. छत्तीस वर्सं. रंग दिऊन दिऊन नाव दिसंना झालं आसंल, पन आतल्या अंगाला बोट फिरव, लागंल. भायेरच्या अंगाला मारलं की भितीवर आपटून झिजतं. म्हनून आतच मारलं."

गुन्वोरनं कप खाली ठेवला. आतलं अंग म्हणजे जिथं हूक ताणाखाली असतो ते अंग. तिथली खोल खाच, आणि त्यातली पहिल्या अक्षराची, A ची, आडवी रेघ, बरोबर ताणाला आडवी. खाचेपासून धातू फुटायला लागतो याचं, परीक्षेत विद्यार्थ्याला दाखवावं असं उदाहरण. तिच्या पुस्तकात या विषयाचं आख्खं प्रकरण होतं.

तिनं कॉफी संपवली.

सात हूक उतरवायचे म्हणजे कारखाना दोन दिवस थांबणार. बर्गेनहेम आढेवेढे घेईल असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यानं फक्त विचारलं, "सातांखाली रोज किती माणसं असतात?" हिल्डिंगनं सांगितलं, चाळीस. बर्गेनहेमनं फोन उचलला आणि कारखाना थांबवला. माणूस कोरडा होता, पण वाईट नव्हता.

हूक फरशीवर ओळीनं मांडले, रंग खरवडला. गुन्वोरनं बाह्या वर केल्या. तपासणी अशी की हूक जोरदार चुंबकात धरायचा आणि वर तेलात कालवलेली लोखंडाची बारीक भुकटी ओतायची. धातू अखंड असेल तर भुकटी वाहून जाते. कुठं चीर असेल, डोळ्याला न दिसणारी, तर भुकटी तिथंच चिकटून काळी रेघ उमटते. पण या वेळी गुन्वोरनं काहीच हातात घेतलं नाही. भुकटी ओतायला बर्गेनहेम, चुंबक धरायला हिल्डिंग, बघायला मायलिस. स्वतः चार पावलं मागं, हात पाठीमागं बांधून.

"अगं पुढं ये की," मायलिस म्हणाली.

"माझे हात आज बदनाम हायत. तू बघ अन मोठ्यानं सांग."

पहिला हूक साफ. दुसरा साफ. तिसऱ्यावर बर्गेनहेमनं तेल ओतलं, ते ओघळलं, आणि मायलिस खाली वाकली.

"हाय," ती म्हणाली. "पयल्या अक्षराच्या आडव्या रेघंपासून निघालीय. हितपासून हितवर. माझ्या नखाएवढी."

सातांपैकी तीन फुटायला लागले होते. तिन्हींची चीर एकाच जागेपासून, त्याच आडव्या रेघेपासून. मायलिसनं तिन्ही मोठ्यानं सांगितले. तिसरा सांगताना तिचा आवाज बारीक झाला, कारण आल्गोतनं तिलाही लहानपणी स्केट्सची पाती करून दिली होती.

बर्गेनहेमनं वही मिटली. "हिसक्याचा प्रश्न संपला. छत्तीस वर्षं हळूहळू फुटत होता. मायलिसबाई, सोमवारपासून तुमची केबिन तुमची."

"मिळनारच हुती," मायलिस म्हणाली आणि तोंड फिरवून स्वेटरच्या बाहीला नाक पुसलं.

गुन्वोरनं त्या रात्रीच्या गाडीनं जायचं ठरवलं होतं. गेली नाही. अहवाल तिनं कँटीनमध्येच बसून लिहिला, आणि त्याची पहिली ओळ अशी होती की पुरावा तपासणाऱ्या व्यक्तीनं स्वतःच्या हातानं बिघडवला. पुढं कित्येक वर्षं तिचे विद्यार्थी तो अहवाल पहिल्या आठवड्यात वाचायचे. बनवणाऱ्याचा शिक्का ताणाच्या अंगाला मारायचा नाही, असे कारखानदारांसाठी नियम बनले, त्यामागंही तो अहवाल होता. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी बापाला सांगायचं बाकी होतं.

आल्गोत दाराशी बर्चची लाकडं फोडत होता.

"बाबा, आठांतले चार गेले."

कुऱ्हाड थांबली. "मालात खोट?"

"माल सोन्यासारखा. घडाई बी. शिक्क्यापासनं फुटलं."

म्हातारा ओंडक्यावर बसला. "म्हंजी माझ्या नावानं."

"आत मारलं म्हनून. भायेर मारलं असतं तर शंभर वर्सं टिकलं असतं."

"कुनाला लागलं?"

"कुनाला न्हाई. मायलिसवर आळ हुता, ती सुटली."

"बरं," आल्गोत म्हणाला आणि पुन्हा लाकडं फोडायला लागला. त्या दिवसाचे त्याचे शब्द संपले होते.

सोमवारी सकाळी सहाला तो कारखान्याच्या फाटकाशी उभा होता. अंगावर जुना चामडी अंगरखा, काखेत कानशींची गुंडाळी. निवृत्तीनंतर चौदा वर्षांनी पहारेकऱ्यानं त्याला आत सोडलं, काही न विचारता.

चार हूक शाबूत होते. गुन्वोरनं बर्गेनहेमला लिहून दिलं होतं, नाव घासून गुळगुळीत केलं तर ते आरामात वापरता येतील. बर्गेनहेमनं विजेवरची घासणी मागवली होती. आल्गोतनं ती हातानं बाजूला सारली.

"त्येनं खड्डा पडंल. चार हूक वाचवायचेत की मारायचेत?"

त्यानं पहिला हूक शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि कानस लावली. लांब, सरळ, एका अंगानं. वर केबिनमध्ये मायलिस बसली होती, खिडकीतून अर्धी बाहेर लोंबून.

"आल्गोतकाका, दुपारपर्यंत हुईल का? का मी कॉफी पिऊन झोपू?"

"तुझी मोपेड जरा बंद ठिव," आल्गोत वर न बघता म्हणाला.

खाली सगळे हसले. तीन हूक साफ झाले, एकेक वर गेला. चौथ्यावर म्हातारा दमून गेला होता, पण कानस कुणाच्या हाती द्यायला तो तयार नव्हता. शेवटी त्यानं फडक्यानं जागा पुसली, अंगठा फिरवला, आणि लेकीला जवळ बोलावलं.

"माझ्या डोळ्यांना दिसंना. तू बघ. गेलं का समदं?"

गुन्वोर वाकली. बोटं हुकाला लागू न देता तिनं भिंग धरलं. अक्षरं गेली होती. फक्त एका आडव्या रेघेची सावली उरली होती, इतकी पुसट की तिच्या हिशोबानं त्या हुकाला काही होणार नव्हतं, निदान बहुतेक नाही. बापाच्या कपाळावरून घाम ओघळत होता. सगळे बघत होते, मायलिस वरून.

"हाय, बाबा," ती म्हणाली. "अजून थोडं."

आल्गोतनं मान हलवली, तळहात अंगरख्याला पुसले, आणि कानस पुन्हा लावली.